धरण बाबासाहेबांचं, जमीन कुणाची?

२५ डिसेंबर म्हणजे आपल्या घरांत मनुस्मृती दहन दिन. २०२४ साली याच तारखेला खजुराहोत केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाची पायाभरणी झाली. व्यासपीठावरून पंतप्रधानांनी बाबासाहेबांची आठवण काढली. देशाची धरणं, नदीखोऱ्यांचे प्रकल्प, केंद्रीय जल आयोग यांच्यामागे डॉ. आंबेडकरांची दूरदृष्टी होती आणि आधीच्या सरकारांनी त्याचं श्रेय त्यांना दिलं नाही, असं ते म्हणाले. त्याच्या आठच दिवस आधी, बाबासाहेबांचं नाव घेणं ही आता फॅशन झाली आहे, असं गृहमंत्री राज्यसभेत बोलले होते. म्हणजे आठवड्याभरात फॅशन सरकारी झाली.

तो व्हिडिओ आमच्या गावच्या ग्रुपवर फिरला. पोरांनी निळे झेंडे टाकले, निळी हृदयं टाकली. मला त्यांचा राग आला नाही. श्रेय दिलं नाही हे खरंच आहे. मी स्थापत्य अभियंता. चार वर्षांत पाणी हा विषय मी सहा वेगवेगळ्या पेपरांत शिकलो, आणि एकाही सरांनी त्या संदर्भात बाबासाहेबांचं नाव घेतलं नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते, पाटबंधारे आणि वीज त्यांच्याच खात्यात होतं, दामोदर खोऱ्याची आखणी त्यांच्या काळात झाली, नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी महानदीच्या पुराकडे संकट म्हणून न बघता साठवण्याजोगी संपत्ती म्हणून बघायला सांगितलं, हे सगळं मला नोकरी लागल्यावर, स्वतः पुस्तकं विकत घेऊन कळलं. तेव्हा माझीही छाती फुगली होती.

म्हणून सांगतो, धरणाच्या मी विरोधात नाही. माझा वाद धरणाशी नाही, ते ज्या हिशेबाने बांधलं जातं त्या हिशेबाशी आहे. आणि त्या हिशेबाखाली बाबासाहेबांची सही खपवली जाते, याच्याशी आहे.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेपटाकडे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चं. मराठवाड्याचा दुष्काळ हटवायला बांधलेलं धरण. वरच्या अंगाला गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर इतकी धरणं झाली की नाथसागर भरला तर बातमी होते. भरला आणि पाणी सुटलं, तरी शेपटापर्यंत येता येता त्याचा जीव जातो. पण एखादं आवर्तन आमच्यापर्यंत यायचं. कालवा आमच्या वस्तीला खेटून जातो. माय त्यात धुणं धुवायची, म्हशी त्यात बसायच्या, आम्ही पोहायला त्यातच शिकलो. मी आठवीत असताना वस्तीतल्या बायकांनी ठरवलं की वस्तीमागच्या गायरानाच्या तुकड्यावर भाजीपाला लावू, पोटचारीतून थोडं पाणी घेऊ. पाटकऱ्याला विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मावशे, सात नंबरचा फॉर्म भरा, सातबारा जोडा." सातबारा नव्हता. गायरानावर वस्तीतल्या काहींची वहिवाट माझ्या आज्यापासूनची, पण कागदावर ती अतिक्रमण. विषय तिथंच संपला. कुणी शिवी दिली नाही, कुणी घागर फोडली नाही.

न्यायाने सांगायचं तर कालव्याने आम्हाला काहीच दिलं नाही असं नाही. पाणी आलं की कापूस वेचणीचे, खुरपणीचे दिवस वाढायचे. मायच्या पदरात महिनाभर जास्तीची मजुरी पडायची. सरकारी अहवालात याला रोजगारनिर्मिती म्हणतात. तिच्या मजुरीवर मी शिकलो, हे मी नाकारत नाही. पण ज्याच्या शेतात पाणी गेलं त्याची पोरं कशावर शिकली आणि आज ती कुठं आहेत, हेही मला माहीत आहे.

पुढे एका सल्लागार कंपनीत लागलो. काम सिंचन प्रकल्पांच्या अहवालांचं. माझ्या वाट्याला लाभक्षेत्राचा तक्ता. गाव, एकूण क्षेत्र, लागवडीयोग्य क्षेत्र, सिंचित होणारं क्षेत्र, पीकरचना, हेक्टरी वाढीव उत्पन्न. शेवटी बेरीज, बेरजेला खर्चाने भागायचं, आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर आला की प्रकल्प पास. तक्ता बनवताना माझ्या लक्षात आलं की यात माणूस कुठंच नाही. हेक्टर आहे. ज्याच्याकडे हेक्टर आहे तो हेक्टरमार्फत आत येतो. ज्याच्याकडे नाही, तो गावात राहतो पण तक्त्यात राहत नाही. साहेबांना विचारलं, भूमिहीन कुटुंबं कुठल्या रकान्यात टाकायची? ते म्हणाले, "पिण्याच्या पाण्यात टाक." मी टाकली.

आता केन-बेतवाचे आकडे त्या नजरेने बघा. खर्च ४४,६०५ कोटी, २०२०-२१ च्या किमतीने. १०.६२ लाख हेक्टरला सिंचन. ६२ लाख लोकांना पिण्याचं पाणी. १०३ मेगावॉट जलविद्युत. दौधनला ७७ मीटर उंचीचं धरण, २२१ किलोमीटर लांबीचा कालवा. हेक्टर शेतमालकाचे, पिण्याचं पाणी सगळ्यांचं. पाण्याचा मोठा घोट सिंचन पिणार, आणि सिंचन जमिनीमागे जाणार. जमीन कुणाची? २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या वहितीखालच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे ९ टक्केही नाही. लोकसंख्येत आपण १६.६ टक्के. २०११ च्या जनगणनेत शेतीत राबणाऱ्या दर दहा दलितांतले सात शेतमजूर होते. म्हणजे सार्वजनिक पैशातून नेलेलं पाणी ज्या नळातून बाहेर पडतं, तो नळ आधीच कुणाच्या तरी वाड्यात आहे.

हा हिशेब आता हवामान बदलाच्या नावाने जास्त जोरात सांगितला जातो. पाऊस लहरी झालाय, म्हणून मोठी साठवण हवी, मोठे कालवे हवेत, जादा पाण्याच्या नदीतून तुटीच्या नदीत पाणी न्यायला हवं. ऐकायला सरळ वाटतं. पण केन आणि बेतवा या शेजारच्या नद्या. दोन्ही विंध्य-कैमूरच्या डोंगरांतून निघतात आणि दोन्ही यमुनेला मिळतात. एकीच्या खोऱ्यात दुष्काळ पडतो तेव्हा दुसरीला पूर आलेला नसतो. कोण जादा आणि कोण तुटीची, हे ठरलं जुन्या पावसाच्या सरासरीवर, आणि गंगेच्या खोऱ्यातली प्रवाहाची आकडेवारी सरकार गोपनीय मानतं, त्यामुळे माझ्यासारख्याला ती पडताळून बघता येत नाही. ज्या सरासरीवर हे गणित उभं आहे ती सरासरीच हलली आहे. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं २०१७ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. शिवाय आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलं की नद्या जोडून सिंचन वाढवलं तर जमीन आणि हवेतली देवाणघेवाण बदलते आणि आधीच कोरड्या असलेल्या काही भागांतला सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो. सप्टेंबरचा पाऊस म्हणजे काय, हे कोरडवाहूवाल्याला विचारा. ज्याच्या शेतात कालवा जातो त्याला तो नसला तरी चालतो. ज्याच्याकडे दोन एकर बरड आहे, त्याचं साल त्या पावसावर असतं.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकार समितीनेही २०१९ च्या अहवालात या प्रकल्पाच्या व्यवहार्यतेवर प्रश्न विचारले होते. तरी २०२३ मध्ये वनमंजुरी मिळाली. सहा हजार हेक्टरहून जास्त वनजमीन त्यात जाते, पन्ना व्याघ्र प्रकल्पाचा गाभा त्यात जातो. लाभ होणाऱ्या जिल्ह्यांची यादी वाचली तर छतरपूर, टीकमगढ, बांदा, महोबा यांच्यासोबत विदिशा आणि रायसेनही आहेत. बुंदेलखंडची तहान दाखवून पैसा आणायचा आणि यादीत बुंदेलखंडाबाहेरचेही बसवायचे. दुष्काळ हे चांगलं भांडवल आहे. २००९ मध्येही बुंदेलखंडसाठी ७,२६६ कोटींचं पॅकेज आलं होतं. दिल्लीत, सुरतेत बांधकामांवर अजूनही बुंदेलखंडी मजूर भेटतात.

इथं काही मित्र टाळ्या वाजवायला लागतात, म्हणून त्यांनाही दोन शब्द. या प्रकल्पाला विरोध करणारे बरेच जण वाघाबद्दल बोलतात, गिधाडांबद्दल, झाडांबद्दल. बोलायलाच हवं. मग ते म्हणतात, धरण कशाला, चंदेल राजांचे तलाव पुन्हा जिवंत करा, आपली पारंपरिक जलव्यवस्था किती शहाणी होती! महोब्यातले मदनसागर, कीरतसागर हे तलाव खरोखर थक्क करणारे आहेत. पण तलावाचा गाळ काढायच्या गप्पा मारताना त्या घाटावर कोण उतरू शकत होतं, हा प्रश्न त्यांना सुचत नाही. तामिळनाडूत तळ्याचं पाणी शेताशेतात वाटून देणारे नीरकट्टी बहुतेक दलित. पाण्याचं सगळं ज्ञान त्यांच्याकडे, पाण्याचा हक्क दुसऱ्याकडे. परंपरेचा शहाणपणा हा असा होता. २००६ साली ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीचं पुस्तक आलं, त्यात जवळपास निम्म्या गावांत दलितांना सार्वजनिक पाणवठ्यावर अडवलं जात होतं. म्हणून मला गावतळ्याच्या आठवणीने गहिवरून येत नाही. छोटं ते सुंदर म्हणणाऱ्यांनी छोट्या गावात कधी घागर घेऊन उभं राहावं. मोठ्या धरणात दूरचा इंजिनिअर आणि कायदा तरी असतो, ज्याच्याकडे अर्ज करता येतो, असं वाटणारा आपला माणूस मूर्ख नाही. बाबासाहेबांनाही खेड्यापेक्षा राज्यसंस्थेवर जास्त भरवसा होता.

पण तो भरवसा कसला होता? इथं सरकारी आंबेडकर आणि खरे बाबासाहेब वेगळे होतात. १९४५ ला बहुउद्देशीय धरणांचं धोरण मांडणारा माणूस दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये लिहितो की शेती हा राज्याचा उद्योग असावा. जमीन राज्याने ताब्यात घ्यावी, मालकांना मोबदला द्यावा, आणि मग ती जात-धर्म न बघता गावकऱ्यांना सामुदायिक कसणुकीसाठी द्यावी, अशी की गावात जमीनदार उरणार नाही, कूळ उरणार नाही आणि भूमिहीन मजूरही उरणार नाही. राज्य पाणी देईल, बियाणं देईल, अवजारं देईल. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या एकाच आराखड्याचे दोन भाग आहेत. पाणी राज्याने अडवायचं आणि जमीनही राज्याने सोडवायची. धरण घेतलं आणि जमीन सोडली, तर शिल्लक राहतं ते जमीनवाल्यांना सरकारी खर्चाने पाणी पुरवणारं एक नळकांडं. त्यावर बाबासाहेबांचं नाव टाकायचं असेल तर आधी ते १९४७ चं पुस्तक व्यासपीठावर ठेवा.

नाव टाकून काय होतं ते गोदावरीवर बघायला मिळालं. तेलंगणातला एक अवाढव्य उपसा प्रकल्प मुळात 'डॉ. बी. आर. आंबेडकर प्राणहिता-चेवेल्ला' या नावाने सुरू झाला होता. २०१६ मध्ये फेररचना झाली, मुख्य जागा तुम्मिडीहट्टीहून मेडिगड्ड्याला गेली, आणि नाव कालेश्वरम झालं. बाबासाहेबांचं नाव गेलं आणि देवाचं आलं. जून २०१९ मध्ये थाटात उद्घाटन झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मेडिगड्डा बॅरेजचे खांब खचले. खर्च १ लाख ४७ हजार कोटींच्या वर जाईल आणि प्रकल्प मुळातच आर्थिकदृष्ट्या परवडणारा नव्हता, असं कॅगने २०२४ मध्ये म्हटलं. त्या बॅरेजच्या अलीकडच्या काठावर आपला गडचिरोलीचा सिरोंचा तालुका आहे. पाणी तेलंगणाला, फुगवटा सिरोंच्याच्या शेतात. तेलंगणात अशा प्रकल्पांसाठी जमीन घ्यायला २०१५ मध्ये १२३ नंबरचा आदेश निघाला होता. सरकार थेट मालकाकडून जमीन विकत घेणार, सौदा दोघांत. त्या जमिनीवर राबणारा मजूर त्यात कुठंच नव्हता. दुसऱ्या एका प्रकल्पाच्या भूसंपादनात शेतमजूरच कोर्टात गेले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये हायकोर्टाच्या एकल न्यायपीठाने तो आदेश रद्द केला. सरकार पुढे अपिलात गेलं. पण मजुरांनी नेमकं बोट ठेवलं होतं. जमीन विकली गेली तेव्हा मालकाला किंमत मिळाली आणि मजुराची रोजी फुकट गेली.

बुडणाऱ्यांची गोष्ट आदिवासींना मी काय सांगणार. लोकसंख्येत ते ८ टक्क्यांच्या आसपास, विकासाच्या नावाने उठवलेल्यांत सुमारे ४० टक्के, असा अंदाज नियोजन आयोगाच्या तज्ज्ञांनीच दिला होता. २०१३ चा भूसंपादन कायदा तीन वर्षं तिथं राबणाऱ्या शेतमजुरालाही बाधित मानतो, हे त्याचं मोठेपण. पण सिंचन प्रकल्पात लाभक्षेत्रातली जमीन मिळते ती जमीन गमावणाऱ्याला, अनुसूचित जाती-जमातीच्या खातेदाराला अडीच एकरापर्यंत. मजुराला पैसे, किंवा नोकरीचा पर्याय. सातबारा तिथंही दारात उभा आहेच.

दुसरं काही होऊच शकत नाही, हे मला कुणी सांगू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्ये नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम असा की पाणी जमिनीमागे नाही, माणसामागे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणावरही भूमिहीनांच्या वाट्यासकट समान पाणीवाटपाचं तत्त्व धरलं गेलं. हे प्रयोग माझ्या डिग्रीच्या अभ्यासक्रमात नव्हते. भूमिहीनाने वाट्याच्या पाण्याचं काय करायचं, असं साहेब लोक हसून विचारतात. तो ते घेऊन अर्ध्याने जमीन कसायला घेईल, गटाने भाजीपाला लावेल, कुणाशी तरी सौदा करेल. आज सौदा करायला त्याच्याकडे फक्त अंग आहे. याच महाराष्ट्रात ४ टक्क्यांहून कमी पीकक्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी पितो, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने लिहिलेलं आहे. त्या पाण्याचं काय करायचं, हे साखर कारखान्याला कुणी हसून विचारलं नाही.

महाडचं तळंही कागदावर आधीच उघडं होतं, हे विसरू नका. १९२३ ला मुंबई कायदे मंडळात बोले ठराव झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कुणी पाणी प्यायलं नाही, कारण कागदाने ओंजळ भरत नाही. २० मार्च १९२७ ला जाऊन प्यावं लागलं, आणि कोर्टातला निकाल यायला १९३७ उजाडलं. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आले. कालवा त्यात नावाने नाही. म्हणून कालव्यावर आपल्याला कुणी जात विचारत नाही, सातबारा विचारतात.

आता आपल्या दारातलं बोलू. वैनगंगा-नळगंगा नदीजोडला ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. गोसीखुर्दपासून बुलढाण्यापर्यंत ४२६ किलोमीटर, खर्च ८८ हजार कोटींच्या घरात, लाभ ३ लाख ७१ हजार हेक्टर. पुन्हा हेक्टर. ज्या गोसीखुर्दमधून पाणी उचलायचं, त्याची पायाभरणी १९८८ ची, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी. आज तो १८ हजार कोटींच्याही पुढे आहे आणि काम संपलेलं नाही. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा. नकाशा बघा, यातल्या किती गावांत आपली वस्ती आहे.

तुमच्यातले कित्येक जण घरातले पहिले पदवीधर. कुणी सिव्हिलचे, कुणी वकील, कुणी स्पर्धा परीक्षेच्या खोलीवर. पर्यावरण मंजुरीआधीची जनसुनावणी लागेल तेव्हा तीस दिवस आधी नोटीस निघते आणि अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवावा लागतो. तो मागून घ्या, झेरॉक्स काढा. लाभक्षेत्राचं प्रकरण उघडा आणि सुनावणीत उभं राहून विचारा की लाभक्षेत्रातली भूमिहीन कुटुंबं किती, ती कुठल्या रकान्यात आहेत, आणि पिण्याच्या पाण्याखेरीज त्यांच्या नावावर किती घनमीटर लिहिलं आहे. इतिवृत्तात प्रश्न नोंदवून घेतल्याशिवाय खाली बसू नका. तक्ता बनवणारा माझ्यासारखाच कुणीतरी असेल, त्याच्याकडे उत्तर नसेल. मायने मागच्या दिवाळीत मला विचारलं, ते गायरानावर भाजी लावायचं राहिलंच की रे. मी आता सात नंबरचा अर्ज तिच्या नावाने भरणार आहे, सातबाऱ्याच्या जागी वस्तीची वहिवाट लिहून. फेटाळला की लेखी फेटाळा म्हणून मागणार आहे.